‘भागतं की!’ छापायला निघालो तेव्हा

आमच्या ऑफिसात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त साठतात. पुस्तकांचं एक बरं असतं, ती शेवटी रद्दीत तरी जातात. किस्से कुठे जाणार? चहाच्या वेळी एकानं एक काढला की त्याच्या मागून दुसरा निघतोच, आणि मग दुपारचं काम बोंबलतं. गेल्या वर्षभरातले तर सगळे एकाच पुस्तकाचे आहेत. ते एकदाचे सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं जरा रिकामं होईल.

ऑफिस म्हणजे टिळक रस्त्याच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. अण्णा मालक. शकीलभाई विक्री बघतात. त्यांचं घराणं पुण्यात इतकं जुनं की बाकी सगळ्या पुणेकरांना ‘बाहेरचे’ म्हणायचा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवलाय. तन्वी वर्ध्याची, मुखपृष्ठं करते. आणि मी नीला, येईल त्या मजकुरावर लाल पेन चालवते.

पुस्तक कसलं? थोडक्या पैशात मजेत कसं राहावं याचं. आणि ते काढणार कोण, तर अण्णा! ज्यांनी ऑफिसातला पंखा आजवर दोनच्या पुढे फिरू दिलेला नाही.

* * *

सुरुवात हडपसरला झाली. तिथल्या एका महिला मंडळाचा कार्यक्रम होता, आणि अण्णांनी हॉलच्या दारात आमच्या पुस्तकांचं टेबल लावलं होतं. पुस्तकांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळी गर्दी आत, शैलाबाईंचं भाषण ऐकायला.

शैलाबाईंचं माहेर लोणी काळभोरचं. नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा मुलगा लहान होता. बाईंनी शिवणकाम करून संसार रेटला, मुलाला इंजिनिअर केलं, आणि आता सत्तरीत ‘कमी पैशात झकास कसं राहायचं’ यावर भाषणं देतात. आवाज असा की माईक नुसता शोभेला. अण्णाही आत जाऊन शेवटच्या रांगेत बसले. आत कूलर होता, हे खरं कारण.

भाषण संपल्यावर एक बाई उठून म्हणाल्या, ‘‘ताई, हे सगळं लक्षात राहत नाही हो. तुमचं पुस्तक आहे का?’’

शैलाबाईंनी सरळ शेवटच्या रांगेकडे बोट केलं. ‘‘ते काय, ते प्रकाशक बसलेत. ते काढतायत.’’

टाळ्या पडल्या. अण्णांनी उठून नमस्कार केला. त्या क्षणापर्यंत अण्णा आणि शैलाबाई एकमेकांशी एक शब्दही बोललेले नव्हते!

* * *

करार करताना बाईंनी एकच अट घातली. ‘‘माझ्या महेशचं ‘हो’ आल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही.’’

महेश म्हणजे तो इंजिनिअर मुलगा. आता आयटीत मोठ्या पोस्टवर, खराडीला टॉवरमध्ये राहतो. आईला ‘माझ्याकडे ये’ म्हणून दहा वेळा सांगून झालं, पण बाई हडपसरची दोन खोल्यांची जागा सोडत नाहीत.

अण्णांना वाटलं, मुलगा कशाला नाही म्हणेल? शिकलेला माणूस. पण महेशला पुस्तक म्हटलं की ‘वीकेंडला बघतो’, आणि वीकेंड काही येईना. इकडे बाईंनी सगळ्या सोसायटीला सांगून ठेवलेलं. शोकेसमधल्या बाहुल्या हलवून पुस्तकाला जागासुद्धा करून ठेवली होती. रोज सकाळी मला फोन. ‘‘नीलाताई, महेशचा काही निरोप?’’

‘‘अहो, मुलगा तुमचा. निरोप मला कशाला येईल?’’

‘‘मला नाही म्हणायला त्याला जड जातं. तुम्हाला म्हणेल.’’

खरं सांगते, त्या दिवशी मला बाईंचं वाईट वाटलं. एवढी सभा गाजवणारी बाई, आणि पोराच्या एका ‘हो’पाशी येऊन बसलेली.

* * *

नावाची मीटिंग, शैलाबाईही आलेल्या. अण्णांनी फळ्यावर लिहिलं, ‘काटकसर’.

तन्वी म्हणाली, ‘‘अण्णा, हे तर निबंधाचं नाव वाटून राहिलं.’’

शकीलभाईंची अडचण वेगळी होती. ‘‘नाव चांगलंय. पण ‘काटकसर’ वाचून जो माणूस थांबेल तो दुकानात उभ्या उभ्याच सगळं वाचेल आणि जागेवर ठेवून जाईल. काटकसरी ना तो!’’

तन्वीनं सुचवलं, ‘बजेट लाइफ हॅक्स’. शैलाबाईंनी विचारलं, ‘‘हॅक म्हणजे गं काय?’’ तन्वी म्हणाली, ‘‘म्हणजे आजी, तसं पाहिलं तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये घुसणं.’’ बाई म्हणाल्या, ‘‘नको. आमच्यात तसलं कुणी केलेलं नाही.’’

तासभर असंच चाललं. शेवटी मी कंटाळून विचारलं, ‘‘बाई, त्या तंगीच्या दिवसांत तुम्हाला कुणी विचारायचं ना, कसं चाललंय म्हणून? तेव्हा तुम्ही काय सांगायचात?’’

‘‘काय सांगणार? भागतं की!’’

झालं, नाव ठरलं. सगळे खूश. फक्त अण्णा फळ्याकडे बघत बसले होते. म्हणाले, ‘‘उद्गारचिन्ह पाहिजेच का? शाई लागते.’’

* * *

आता अण्णांच्या कागदाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रूफं कोऱ्या कागदावर निघत नाहीत. नाकारलेली जुनी हस्तलिखितं असतात ना, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर निघतात. लेखकांना हे माहीत असतं. निदान ज्यांचं नाकारलं गेलंय त्यांना माहीत नसतं, एवढी काळजी आम्ही घेतो.

शैलाबाईंना पहिली प्रूफं पाठवली आणि हे सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी फोन.

‘‘नीलाताई, पहिलं प्रकरण ठीक आहे. पण डाळ भिजवण्याच्या प्रकरणात तुम्ही खून कधी घातलात?’’

मी कपाळावर हात मारला. पाठीमागे कुणाची तरी रहस्यकथा होती. बाईंनी पान उलटलं ते उलटलंच, आणि एक पान आपलं, एक पान त्याचं, असं इमानेइतबारे सगळं वाचलं होतं. वर त्या इन्स्पेक्टरच्या बोलण्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही दुरुस्त केल्या होत्या.

मी म्हणाले, ‘‘बाई, फक्त पुढची बाजू बघायची.’’

‘‘ते कळलं आता. पण खून केला कुणी? पुढची पानं पाठवा.’’

मी अण्णांना विचारलं. अण्णांनी जरा आठवून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘खुनी येरवड्याला आहे.’’

‘‘म्हणजे पकडला?’’

‘‘नाही हो. येरवड्याचे ते कवी आहेत ना, त्यांच्या कवितासंग्रहाची प्रूफं त्या उरलेल्या पानांवर गेली.’’

* * *

अण्णांचा दुसरा नियम, पुस्तकातली युक्ती छापण्याआधी कुणीतरी करून बघायची. कुणीतरी म्हणजे शकीलभाई.

बाईंनी लिहिलं होतं, भाजी बाजार उठताना घ्यावी, विक्रेते घरी निघालेले असतात, उरलेला माल पडत्या भावात देतात. शकीलभाई हडपसरला गेले आणि दिवेलागणीला मंडईत पोचले. बघतात तर ही गर्दी! पिशव्या घेऊन बायका नुसत्या उभ्या. कुणी काही घेत नव्हतं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या, की ही आधी घेतेय का, आपण जरा आणखी थांबू.

शकीलभाईंनी एका भाजीवालीला मेथीचा भाव विचारला आणि ऐकून दचकले. ‘‘मावशी, अहो सकाळी यापेक्षा स्वस्त होती!’’

‘‘सकाळी कोन येतंय भाऊ? त्या शैलाकाकूंनी भाषनात सांगितल्यापासनं समद्या ह्याच टायमाला येत्यात. म्हून शेवटाचा भाव वाढवलाय.’’

शकीलभाई मेथी घेऊन आले, तीही पिवळी पडलेली. अण्णांना सगळी हकिकत सांगितली. अण्णांनी बाईंना फोन लावला, ‘‘तुमची युक्ती आता चालत नाही म्हणतायत.’’

बाईंना आनंदच झाला. ‘‘म्हणजे माझं भाषण लोक खरंच ऐकतात तर!’’

शकीलभाईंनी एवढंच विचारलं, ‘‘मेथीचं काय करू?’’

* * *

मुखपृष्ठावर बाईंचा फोटो घ्यायचं ठरलं. तन्वीच्या मनात होतं, साधी सुती साडी, हातात पितळेचा डबा, मागे खिडकीतून येणारं ऊन. तिनं चारचारदा फोन करून बाईंना तसं कळवलंही होतं.

बाई आल्या त्या पैठणी नेसून! नथ, ठुशी, हातात पाटल्या, केसांत गजरा.

तन्वी बघतच राहिली. ‘‘आजी, तुम्ही तर लग्नाला जाऊन राहिल्या!’’

‘‘का गं? कमी पैशात मी मजेत राहिले, हे दिसायला नको? फाटकं नेसून सांगितलं तर कोण ऐकेल माझं?’’

मुद्दा बिनतोड होता. तरी तन्वी चिवट. ‘‘पण आजी, एवढी महागाची पैठणी बघून वाचणाऱ्याला वाटेल ना, की हिच्याकडे तर पैसाच पैसा आहे.’’

‘‘माझी कुठाय? शेजारच्या कुलकर्णीणबाईंची आहे. नथ समोरच्यांची. तू चौथं प्रकरण वाचलेलं दिसत नाही.’’

चौथ्या प्रकरणाचं नाव होतं, ‘उसनं मागताना मान वर ठेवावी’.

* * *

शेवटच्या प्रकरणावरून मात्र अण्णा आणि बाईंची चांगलीच जुंपली. बाईंनी लिहिलं होतं, ‘पुस्तकं विकत घेऊ नयेत. वाचनालयातून आणावीत, वाचावीत, परत करावीत.’

अण्णांचा आवाज चढला. ‘‘माझ्याच पैशानं छापायचं आणि माझ्याच पोटावर पाय? हे काढा!’’

‘‘नाही काढणार.’’

‘‘मग निदान ‘हे पुस्तक सोडून’ एवढं तरी कंसात टाका.’’

‘‘मग लोक म्हणतील, बाई लबाड आहे. मी जे लिहिलंय ते लिहिलंय.’’

दोघंही हट्टाला पेटलेले. शकीलभाईंनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला. ‘‘अण्णा, राहू द्या की. शेवटच्या पानावर आहे. तिथपर्यंत पोचलेल्या माणसानं पुस्तक कधीच विकत घेतलेलं असतं.’’

* * *

आणि मग महेशचा फोन आला. ऑफिसच्याच नंबरवर. अण्णांनी स्पीकर लावला, कारण त्यांना फोन कानाला लावून धरायचा कंटाळा.

‘‘सर, नमस्कार. मी शैलाताईंचा मुलगा. हे बघा, आय रिस्पेक्ट हर. तिनं जे केलं त्याला तोड नाही. पण हे सगळं पुस्तकात कशाला? जुन्या साड्यांच्या गोधड्या काय, उसनी साखर काय. माझ्या टीममधली मुलं वाचतील. लोक म्हणतील, मुलगा एवढा कमावतो आणि आईला बघत नाही. तुम्हीच तिला समजावा.’’

आम्ही तिघं फोनभोवती गोळा झालो. आता अण्णा काय बोलतात यावर पुस्तकाचं सगळं ठरणार होतं. अण्णांनी घसा साफ केला आणि महेशला अगदी मनापासून धीर दिला.

‘‘साहेब, तुम्ही उगीच घाबरताय. आमची पुस्तकं कुणी वाचत नाही.’’

शकीलभाई उठून बाहेर गॅलरीत गेले. मग महेश म्हणाला, ‘‘मी शनिवारी येतो. समोरासमोर बोलू.’’

* * *

शनिवारी दुपारी तो आला. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. आल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, नुसत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. महेश पन्नाशीकडे झुकलेला, खांद्याला लॅपटॉपची बॅग, ती त्यानं खाली ठेवलीच नाही. खुर्चीच्या कडेला टेकला. अण्णांनी पंखा तीनवर केला! आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

महेश म्हणाला, ‘‘आई, मी तुला काही कमी करतो का?’’

‘‘नाही रे.’’

‘‘मग जगाला कशाला सांगायचं, की आपल्याकडे हे नव्हतं, ते नव्हतं?’’

‘‘नव्हतं ते मी कुठं सांगतेय? मला जे येतं ते सांगतेय. दुसरं काय येतं मला?’’

त्यानं बॅगेचा पट्टा सारखा केला. मग बाई म्हणाल्या, ‘‘एक तरी पान वाचलंस?’’

‘‘वेळ नाही झाला.’’

‘‘मग ऐक. आणि नाही आवडलं तर सांग. मी सगळं उचलून घरी घेऊन जाईन, या लोकांना त्रास देणार नाही.’’

अण्णांचा चेहरा पडला. माझाही पडला असणार. बाईंनी माझ्या टेबलावरची प्रूफं ओढली, चष्मा लावला, पानं उलटली. ‘‘हे वाचते. प्रकरणाचं नाव, ‘हॉटेल शैला’.’’

महेश एकदम सरळ बसला. ‘‘हे घातलंस पुस्तकात? हॉटेल?’’ आणि आमच्याकडे वळला. फोनवरचा तो साहेबी आवाज कुठल्या कुठे गेला होता. ‘‘अहो, आमच्या घरात महिन्यातून एकदा हॉटेल असायचं! आई पाटीवर मेन्यू लिहायची. मी दार वाजवून आत यायचं, खुर्चीवर बसायचं. खांद्यावर फडकं टाकून ही यायची, ‘साहेब, काय घेणार?’ मी विचारायचं, ‘आज स्पेशल काय?’ मग ही एकेक नावं सांगायची, शाही भात काय, काश्मिरी वडी काय! मी आठवडा आठवडा आधीपासून वाट बघायचो. माझ्या मुलींना अजून सांगतो. त्यांना खरं वाटत नाही, आजी वेटर व्हायची म्हणून.’’

तन्वी म्हणाली, ‘‘किती मस्त!’’ बॅग कधी खाली ठेवली गेली ते महेशलाही कळलं नसावं.

बाई वाचायला लागल्या. त्या भाषणासारख्याच वाचतात, खणखणीत.

‘‘‘महिनाअखेरीला डबे रिकामे व्हायचे. तेव्हा दोन-तीन दिवसांचं उरलंसुरलं, शिळंपाकं एकत्र करायचं. शिळ्या भाताला फोडणी द्यावी, शिळ्या भाकरीचा चुरा करून त्याच्या वड्या थापाव्यात, आणि प्रत्येकाला एक भारी नाव द्यावं. पोर शिळं खात नाही. नाव दिलं की मागून खातं.’’’

महेश अजून हसतच होता, पण ते हसू नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं.

‘‘शिळं?’’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘मग? महिनाअखेरीला ताजं कुठून येणार?’’

‘‘पण तू तर स्पेशल म्हणायचीस.’’

‘‘वेटर आणखी काय म्हणणार रे?’’

त्याचा फोन वाजला. त्यानं घेतला नाही. वाजून वाजून थांबला. शकीलभाई टेबलावरचा चहाचा ट्रे उगीच पुसत बसले. मी प्रूफात नसलेली चूक शोधत होते.

शेवटी अण्णांना राहवलं नाही. ‘‘मग साहेब... छापायचं ना?’’

महेशनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘‘छापा. सगळं छापा. फक्त तिथं ‘शिळं’ नको.’’

आम्ही सगळ्यांनी शैलाबाईंकडे पाहिलं. या बाईंनी आजपर्यंत मला त्यांचा एक स्वल्पविराम हलवू दिला नव्हता. त्या पोराकडे बघत होत्या. मग त्यांनी प्रूफं गोळा केली, टेबलावर आपटून सारखी केली आणि माझ्यापुढे सरकवली.

‘‘बदला हो नीलाताई,’’ म्हणाल्या. ‘‘गिऱ्हाईक म्हणतंय तर बदला.’’